अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

आशागडच्या आमच्या घरात दोन थर्मामीटर आहेत आणि त्या दोघांचा एकमेकांशी अबोला आहे. एक ओटीच्या खांबावर खिळ्याला टांगलेला असतो. तो हवा सांगतो, आणि सेल्सियसमध्ये सांगतो. दुसरा माजघरातल्या कपाटात, बामाची बाटली आणि मुदत संपलेल्या गोळ्या यांच्या शेजारी, आपल्या डबीत पहुडलेला असतो. तो ताप सांगतो, आणि फॅरनहाइटमध्ये सांगतो. ओटीवरचा 'चौतीस' म्हणाला की आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागतो. कपाटातला जन्मात कधी चौतीस म्हणणार नाही. त्याची बाराखडीच चौऱ्याण्णवपासून सुरू होते. ओटीवरून माजघरात जाताना आम्ही नुसता उंबरठा ओलांडत नाही, अठराव्या शतकातले दोन युरोपियन गृहस्थही ओलांडतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? आमच्याकडेही असंच आहे. तेच तर म्हणतोय मी! बातम्यांत 'कमाल तापमान ३४ अंश सेल्सियस' ऐकून आपण दचकत नाही, आणि डॉक्टरांनी 'किती होता?' विचारल्यावर 'एकशेदोन' सांगताना आपण मधेच भाषा बदलली असंही आपल्याला वाटत नाही. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. पुढच्या चार-पाच वर्षांत शेर, मण, मैल, गज सगळे पेन्शनीत निघाले. पण ही दशमानाची लाट आली ती आपल्या अंगाला न शिवताच निघून गेली. बघा ना, उंची अजून पाच फूट सहा इंच, कंबर छत्तीस इंच, बूट आठ नंबरचा (तोही विलायती आठ), आणि ताप शंभराच्या वर. किलोत आलं ते एकटं वजन. ते का आलं हेही मला ठाऊक आहे. एकशे पासष्ट पौंडांपेक्षा पंचाहत्तर किलो कानाला बरे वाटतात.

नवे पैसे आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. डहाणू रोड स्टेशनात उतरून पूर्वेला जव्हारच्या रस्त्याला लागलं की आमचं आशागड येतं. तिथल्या एका लाकडाच्या वखारीत आमचे बापू हिशेबनीस होते. हिशेबनिसाच्या घरात नवं नाणं येणं म्हणजे सोवळ्याच्या घरात नवी सून येण्यासारखं होतं. बापूंनी आण्यांचे नवे पैसे करण्याचं कोष्टक भिंतीवर चिकटवलं. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस. या कोष्टकातली गंमत बापूंच्या आधी माझ्या ध्यानात आली. चार आण्यांचा खाऊ एकदम घेतला तर पंचवीस पैसे पडतात, पण एकेका आण्याचा चार वेळा घेतला तर चोवीसच. मी दुकानाच्या चार खेपा करून एक नवा पैसा वाचवला. घरी येऊन हा पराक्रम सांगितला तेव्हा बापू काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते बराच वेळ कोष्टकाकडे बघत बसले होते.

पैशांपाठोपाठ हवेचा नंबर लागला. पेपरात तापमान सेंटिग्रेडमध्ये येऊ लागलं आणि बापूंना रोज सकाळी चहाबरोबर एक गणित लागलं. छापलेला आकडा घ्यायचा, नवानं गुणायचा, पाचानं भागायचा, बत्तीस मिळवायचे आणि मग 'हं, आज शहाऐंशी आहे' असं म्हणून घाम पुसायचा. तोवर घाम त्यांना आला नसावा अशी आमच्या आईची समजूत होती. २२ जानेवारी १९६२ ला मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंश इतकं तापमान उतरलं. तो तिथला विक्रम अजून मोडलेला नाही. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी पाड्यापाड्यांतून शेकोट्या पेटल्या होत्या आणि आम्ही पोरं घोंगड्यात गुंडाळून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बापूंनी पेपर वाचला, पेन्सिल काढली आणि जाहीर केलं, 'पंचेचाळीस!' मग म्हणाले, 'सात काय सात! सातानं कुणाला थंडी वाजते?' माझे दात मात्र आदल्या दिवसापासून कोणताही हिशेब न करता वाजत होते.

तापाच्या बाबतीत मात्र बापूंनी तडजोड केली नाही. कपाटातल्या काचेच्या नळीवर ९८.४ पाशी एक छोटा बाण होता. त्या बाणाच्या खाली पारा असेल तर शाळा, वर असेल तर साबुदाण्याची लापशी, असा आमच्या घरचा कायदा. कुणीतरी त्यांना विचारलं, 'ताप सेंटिग्रेडमध्ये का मोजत नाही?' बापू म्हणाले, 'पैसे सरकारचे आहेत, त्यांनी बदलावेत. ताप आपला आहे.'

हा बाण ओलांडण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. गणिताची परीक्षा होती. आई विहिरीवर गेलेली पाहून मी थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला. कपातला चहा साधारण ऐंशी सेल्सियस असतो, म्हणजे एकशे शहात्तर फॅरनहाइट, आणि थर्मामीटरची झेप एकशे आठपर्यंतच. ही माहिती मला असती तर मी त्या गणिताच्या परीक्षेला घाबरलो नसतो. 'टिच्' असा आवाज झाला आणि पाऱ्याचे थेंब सारवलेल्या जमिनीवर मोत्यांसारखे पळू लागले. आम्ही भावंडांनी ते काडेपेटीत भरले आणि महिनाभर त्यांच्याशी खेळलो. पारा विषारी असतो हे तेव्हा कोण सांगणार? बापूंचा पारा मात्र कोणत्याही काचेत मावणार नाही इतका चढला.

ज्याच्यापायी मी मार खाल्ला तो फॅरनहाइट कोण, याचा छडा लावायला पुढे मला बरीच वर्षं लागली. छडा लागल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला.

डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट हा १६८६ साली डान्झिगला जन्मला. आता त्या शहराला ग्दान्स्क म्हणतात आणि ते पोलंडात आहे. घर व्यापाऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. पण या घराला खाणंच भोवलं. १७०१ साली विषारी अळंबी खाऊन आई आणि वडील दोघंही एकाच दिवशी गेले. पंधरा वर्षांच्या पोराला पालकांनी व्यापार शिकायला अॅमस्टरडॅमला धाडलं. पोरगं जमाखर्च सोडून काचेच्या नळ्यांच्या नादी लागलं. पालक इतके वैतागले की याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून पूर्वेकडे पाठवून द्या, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. मुलगा हाताबाहेर गेला की त्याला आफ्रिकेतल्या काकांकडे पाठवण्याची पद्धत आपल्याकडेही होती. फॅरनहाइट निसटला आणि गावोगाव फिरत राहिला. १७०८ साली तो कोपनहेगनला ओले रोमर या ज्योतिर्विदाकडे गेला. या रोमरनं आपली एक मोजपट्टी केली होती. तीत पाणी साडेसातला गोठायचं आणि साठाला उकळायचं. साडेसात, साडेबावीस असल्या अपूर्णांकांचा फॅरनहाइटला कंटाळा आला असावा. त्यानं सगळ्याला चारानं गुणलं, मग इकडे-तिकडे थोडं सरकवलं, आणि १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अंकात आपली पट्टी जगापुढे मांडली. त्या वर्षी आमच्या डहाणूच्या किल्ल्यावर पोर्तुगीज बसले होते आणि घाम मात्र आतासारखाच येत असणार.

त्याच्या पट्टीला तीन खुंट्या होत्या. बर्फ, पाणी आणि क्षार कालवून जो कडक गारठा तयार होतो तो शून्य. नुसतं बर्फ-पाणी म्हणजे बत्तीस. आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत नळी धरली की शहाण्णव. ज्यांनी मे महिन्यात आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवला आहे त्यांना पहिली खुंटी समजावून सांगायला नको. बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेऊन बर्फाहूनही गार होतो. म्हणजे आम्ही दर उन्हाळ्यात अंगणात फॅरनहाइटच्या शून्याच्या आसपास आंब्याचा रस गोठवत होतो आणि बत्तीस कुठून आले म्हणून शाळेत मार खात होतो.

पण बत्तीस आणि शहाण्णवच का? वजाबाकी करून पाहा. मधे बरोबर चौसष्ट डिग्र्या उरतात. काचेच्या नळीवर खुणा करायच्या तर बर्फाची खूण आणि अंगाची खूण यांच्या मधोमध एक रेघ मारायची, मग त्या अर्ध्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं. सहा वेळा अर्धं केलं की एक डिग्री. कारागिराला अर्धं करणं सोपं, शंभरावा भाग काढणं अवघड. आता जुना रुपया आठवा! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. रुपयाचे पैसे चौसष्ट! रुपया, आठ आणे, चार आणे, दोन आणे, आणा, दोन पैसे, पैसा. सहा वेळा अर्धं. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बापूंच्या भिंतीवरचं कोष्टक आणि बापूंच्या कपाटातली नळी एकाच जातीची होती. फॅरनहाइटची डिग्री म्हणजे जुना पैसा, आणि सेल्सियसची डिग्री म्हणजे नवा. बापू दोन निरनिराळी गणितं करत नव्हते, एकच करत होते. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

सेल्सियसची गोष्ट छोटी आहे, कारण बिचाऱ्याचं आयुष्यच छोटं. अँडर्स सेल्सियस हा स्वीडनमधल्या उप्साला इथला ज्योतिर्विद. इकडे चिमाजीआप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि पोर्तुगीजांचं राज्य उत्तर कोकणातून उठलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १७४२ साली, सेल्सियसनं शंभर भागांची पट्टी केली. ती उलटी होती. उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर! त्याचंच चाललं असतं तर आज वैशाखात पारा उतरला म्हणून आपण हाशहुश केलं असतं. १७४४ साली बेचाळिसाव्या वर्षी तो क्षयानं गेला. त्याच सुमारास लोकांनी पट्टी सुलटी केली. कोणी केली यावर वाद आहे, पण त्या नावांत एक नाव कार्ल लिनिअसचं घेतलं जातं. याच लिनिअसनं जगातल्या झाडाझुडपांची लॅटिन बारशी केली, आणि आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूचं शास्त्रीय नाव ज्या 'झपोटा'वर संपतं तो झपोटाही मूळ त्याच्याच वहीतला, १७५३ सालचा. आमच्या परसात चार चिकूची झाडं आहेत आणि ओटीवर सेल्सियसचा थर्मामीटर आहे. दोन्हींना पाहुणा एकच.

मग अंगाचे शहाण्णव होते त्याचे अठ्ठ्याण्णव कसे झाले? माणूस तापला नाही, पट्टी ताणली. फॅरनहाइट गेल्यावर पाण्याचं उकळणं बरोबर दोनशे बारावर बसवलं गेलं आणि त्या ओढाताणीत अंगाची खूण वर सरकली. १८६८ साली लाइपझिगच्या व्हुंडरलिश नावाच्या डॉक्टरनं हजारो रोग्यांच्या काखा तपासून सांगितलं की निरोगी माणूस म्हणजे ३७ सेल्सियस. त्याचं फॅरनहाइट केलं की येतं ९८.६. इंग्रजांच्या थर्मामीटरवर बाण ९८.४ ला होता आणि इंग्रजांबरोबर तोच आपल्याकडे आला. या पॉइंट दोनाच्या फरकावर आमच्या घरी माझी एक शाळा बुडाली आहे, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. अलीकडे, २०२० साली, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुन्या-नव्या नोंदी ताडून दाखवलं की अमेरिकेतल्या माणसांचं अंग गेल्या दीडशे वर्षांत थोडंथोडं थंडच होत आलं आहे. त्याच वर्षी करोनाच्या दिवसांत एका दुकानाच्या दारात माझ्या कपाळावर पिस्तूल रोखून रखवालदारानं माझा ताप घेतला होता. आकडा आला ब्याण्णव. ब्याण्णव म्हणजे तेहतीस सेल्सियस. शास्त्राप्रमाणे मी तिथे कुडकुडत पडायला हवा होतो. रखवालदार म्हणाला, 'जा आजोबा, नॉर्मल!'

थोडक्यात, इंग्रज फॅरनहाइट इथे ठेवून गेले आणि स्वतः मात्र बदलले. १९६२ पासून त्यांच्या हवामानखात्यानं लोकांना सेल्सियस सांगायला सुरुवात केली आणि आता त्यांचा तापही सेल्सियसमध्येच येतो. अमेरिकन सगळंच फॅरनहाइटमध्ये करतात. अर्धं-अर्धं करण्याचा मान आपला. माझ्या मते यात आळस आहे तसं शहाणपणही आहे. अठ्ठ्याण्णव ते एकशे चार एवढ्या सहा पायऱ्यांत सगळा ताप मावतो. सेल्सियसमध्ये त्याच जागेत तीनच पायऱ्या आणि काही पॉइंट येतात. आईला मध्यरात्री पॉइंट नको असतात.

आमची पंचाईत पुढे झाली. लेक न्यू जर्सीत गेली आणि मुलगा जर्मनीत. जानेवारीत लेकीचा फोन आला, 'बाबा, आज तीस आहे हो, हात गारठलेत.' मी म्हटलं, 'अगं, इथेही तीसच आहे, मी बनियनवर बसलोय!' दोन्ही बाजूंना क्षणभर शांतता पसरली. तिचे तीस म्हणजे बर्फाच्या खालचे. उलट मुलाकडून निरोप यायचा, 'हिला एकोणचाळीस ताप आहे,' आणि आमच्या सौ. देवाला हात जोडायच्या, 'चाळीस तर नाही ना, बरं झालं.' चाळीसला काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण एकोणचाळीस हा आकडाच त्यांना तापाचा वाटत नव्हता. पुढे मी कागदावर लिहून दिलं: अडतीस म्हणजे शंभर पॉइंट चार, एकोणचाळीस म्हणजे एकशेदोनच्या वर, चाळीस म्हणजे बरोबर एकशे चार. त्या दिवसापासून मुलाचा निरोप आला की सौ. जेवत नाहीत.

याच काळात लेकीनं मला अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा एक झटपट हिशेब शिकवला. सेल्सियसची दुप्पट करा आणि तीस मिळवा, झालं फॅरनहाइट. नऊ पंचमांशाच्या मानानं हे इतकं सुटसुटीत होतं की मी येईल-जाईल त्याला ते ऐकवू लागलो. पोस्टमन, दूधवाला, शेजारी, कुणालाच सोडलं नाही. सोळाचे उलटे एकसष्ट होतात, अठ्ठावीसचे उलटे ब्याऐंशी होतात, उणे चाळीसला दोघांचं एकमत होतं, असं काहीबाही मी सांगत असे. गावात मला 'डिग्री मास्तर' म्हणू लागले होते. यात कौतुक किती नि काय याचा तपास मी केला नाही.

आणि मग ती ऑगस्टमधली रात्र आली.

मुलगा आणि सून जर्मनीहून आले होते. पाच वर्षांच्या नातीला आमच्याजवळ ठेवून ते दोघं एका लग्नाला पुण्याला गेले. संध्याकाळपर्यंत पोर अंगणात बेडकांच्या मागे धावत होती. रात्री अकराला सौ.नी तिच्या पांघरुणात हात घातला आणि मला उठवलं. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात कपाटातल्या थर्मामीटरमधली पाऱ्याची रेघ काही केल्या दिसेना, आणि काचेची नळी नात तोंडात धरीना. शेवटी सुनेनं ठेवलेला जर्मन थर्मामीटर काखेत लावला. तो पिपाणीसारखा वाजला. आकडा ३९.८. त्याला फॅरनहाइट येत नव्हतं.

'किती आहे हो?' सौ.नी विचारलं.

मी झटपट हिशेब केला. एकोणचाळीस पॉइंट आठाची दुप्पट एकोणऐंशी पॉइंट सहा, त्यात तीस. माझ्या पायातलं बळ गेलं. 'एकशे नऊ पॉइंट सहा,' मी म्हणालो. थर्मामीटरसुद्धा एकशे आठला थांबतो हे मला ठाऊक होतं. थर्मामीटर बनवणाऱ्यांनी त्यापुढे रेघा का मारल्या नाहीत, याचं कारण त्या क्षणी मला स्वच्छ समजलं. मी फोन शोधायला लागलो, छत्री शोधायला लागलो, चष्मा डोळ्यांवर असून तोही शोधायला लागलो.

सौ.नी आपल्या हाताची मागची बाजू नातीच्या कपाळावर ठेवली, मग गळ्याशी, मग पोटावर. 'काहीतरीच,' त्या म्हणाल्या. 'एकशेतीन आहे. साडेतीन असेल फार तर. तुम्ही रिक्षावाल्याला उठवा.'

चूक काय होती ते मला रिक्षात कळलं. दुप्पट करून तीस मिळवणं हे हवेपुरतं ठीक असतं, कारण अमेरिकेत उघड्यावर पाचदहा अंशांची हवा असते. खरा हिशेब असा: दुप्पट करायची, त्या दुपटीतून तिचा दहावा भाग काढून टाकायचा आणि मग बत्तीस मिळवायचे. दहा अंशांना दोन्ही हिशेब पन्नासच सांगतात, पण जसजसं वर जावं तसतसा तो गाळलेला दहावा भाग साठत जातो, आणि तापापाशी पोचेपर्यंत सहा डिग्र्यांचा फरक पडतो. एकोणऐंशी पॉइंट सहातून जवळजवळ आठ गेले, उरले एकाहत्तर पॉइंट सहा, अधिक बत्तीस. एकशेतीन पॉइंट सहा. मी अंधारात तीनदा हिशेब करून पाहिला. सौ. पोरीला पोटाशी धरून बसल्या होत्या. मी त्यांना आकडा सांगितला नाही. त्यांना तो आधीच माहीत होता.

डहाणूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, 'किती ताप?' मी म्हटलं, 'एकोणचाळीस पॉइंट आठ.' ते म्हणाले, 'आजोबा, आपल्यातलं सांगा.' सौ. म्हणाल्या, 'साडेतीन.' ते लिहू लागले. पावसाळ्याचे दिवस, आमचा भाग डासांचा. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं, वजन विचारून औषधाचं माप लिहिलं आणि म्हणाले, 'गार पाण्याच्या घड्या नका ठेवू, हुडहुडी भरेल. कोमट पाण्यानं अंग पुसा.'

'कोमट म्हणजे किती अंश?' मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग सौ.कडे पाहिलं. सौ. म्हणाल्या, 'मला कळलं. चला.'

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात बसून त्या दर अर्ध्या तासानं पाणी सारखं करत होत्या. तांब्यातलं कढत पाणी घमेल्यात थोडं, मग कोपर बुडवून बघायचं, मग आणखी थोडं. मी जर्मन थर्मामीटर घेऊन शेजारी बसलो होतो. मनात विचार येत होता की या बाईकडे ही तिसरी मोजपट्टी कुठून आली? पाण्याला गार, कोमट, ऊन, कढत. अंगाला आधी कसर, मग कणकण, मग ताप, मग फणफणून ताप. हवेला शिरशिरी, हुडहुडी, उकाडा, तलखी, काहिली. विरजणाचं दूध करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतपत. मुलानं आणलेल्या स्वैपाकघरातल्या थर्मामीटरनं मी एकदा ते दूध चोरून मोजलं होतं. बेचाळीस निघालं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर पुन्हा बेचाळीस. तिसऱ्या दिवशी मी पकडला गेलो.

आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली, तीही जागरणात वेळ जावा म्हणून. हवामानखात्याचा नियम असा आहे की सपाट मुलखात पारा निदान चाळीसला गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत, पण किनाऱ्यावर सदतीसलाच म्हणतात, सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असेल तर. सदतीस म्हणजे अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. माणसाच्या अंगात जो आकडा असला की घर निश्चिंत झोपतं, तोच आकडा डहाणूच्या हवेत आला की सरकार इशारा देतं. असं का, याचा उलगडाही घमेल्यातच होता. अंगातली उष्णता बाहेर जायची तर बाहेरचं अंगाहून गार पाहिजे, नाहीतर घाम वाळला पाहिजे. किनाऱ्यावर घाम वाळत नाही. नातीच्या अंगावरचं कोमट पाणी वाळताना तिचा ताप थोडाथोडा घेऊन जात होतं आणि सौ. ते वाळावं म्हणून वर्तमानपत्रानं वारा घालत होत्या.

पहाटे दोनदा पुण्याहून फोन आला, एकदा न्यू जर्सीहून. पुण्याला मी अडतीस पॉइंट सात सांगितलं, न्यू जर्सीला एकशेदोनच्या खाली म्हटलं आणि सौ.नी दोन्हीकडे 'उतरतोय' एवढंच सांगितलं. रक्तात मलेरिया निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सून परत येऊन उशाशी बसली होती. जर्मन थर्मामीटर वाजला. तिनं वाचलं, 'छत्तीस पॉइंट नऊ.' मी कागद-पेन्सिल घेतली. दुप्पट, वजा दशांश, अधिक बत्तीस. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बापूंचा बाण!

मी तो आकडा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार, एवढ्यात नात उठून बसली. सौ.नी तिच्यापुढे मऊभात, तूप, मेतकुटाची ताटली ठेवली. भातातून वाफ निघत होती. तिनं बोट लावून झटकन मागे घेतलं.

'आजी,' ती म्हणाली, 'हे नको. कोमट दे.'